दोनशे चौदा नंबरचं कार्ड

१

एकतीस असायला हवी होती आणि भरत होती तीस.

मार्लीस ओबर्गनं कार्डं तिसऱ्यांदा मोजली. पत्त्यांच्या कॅटसारखी एका हातात धरून, अंगठ्यानं एकेक कोपरा सोडत. तीस. तिनं चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला. चष्मा पुसून कार्ड उगवत नाही हे तिला कळत होतं, पण अडतीस वर्षं रोज सकाळी आठच्या ठोक्याला टेबलाशी बसलेल्या बाईला काहीतरी पुसून बघण्यावाचून दुसरं सुचत नाही. पुन्हा मोजली. तीसच.

मंगळवारचे दुपारचे दोन वाजले होते. ॲल्डर रिव्हरच्या सिटी हॉलमधली रेकॉर्ड रूम म्हणजे बिनखिडकीची, जुन्या कागदांच्या आणि ओल्या बुटांच्या वासाची खोली. मार्लीस तिथल्या एका उलट्या खोक्यावर बसली. गुडघे दुखत होते. निवृत्तीला अकरा आठवडे उरले होते, आणि अकरा आठवड्यांत कुणी तिला काही विचारू नये एवढीच तिची इच्छा होती.

ती शहराच्या पोलीस-अग्निशमन आयोगाची सचिव होती. आयोग म्हणजे कुणी मोठे लोक नव्हेत, महापौरांनी नेमलेले पाच साधे नागरिक. एक निवृत्त डेंटिस्ट, एक स्कूल बसची ड्रायव्हर, एक पियानो शिकवणारे, असे. पण पोलिसांत आणि फायर खात्यात कुणाला घ्यायचं, कुणाला बढती द्यायची आणि कुणाला काढायचं, हे याच पाच जणांच्या हातात. फायर चीफलासुद्धा आपला माणूस काढायचा तर यांच्यासमोर येऊन तक्रार सिद्ध करावी लागते.

आणि येत्या गुरुवारी पाच वाजता चीफ नेमकं तेच करणार होते. माणूस होता लेफ्टनंट नेंग थाओ. चौदा वर्षांची नोकरी.

डिसेंबरात स्प्रूस कोर्टच्या टोकाच्या घराला आग लागली होती. थाओचा बंब वेळेत पोचला. पण घरासमोरचा हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी पुरवणारा रस्त्याकडेचा लाल नळ, आतून गोठून दगड झालेला. पुढचा नळ चार घरं मागे. तिथून पाइप ओढून आणेपर्यंत सहा मिनिटं गेली, आणि त्या सहा मिनिटांत ॲल्विन येस्के नावाचे एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ धुरानं गेले. हे नळ दरवर्षी ऑक्टोबरात तपासायचे असतात. हजेरीपटाप्रमाणे तो नळ तपासायच्या दिवशी ड्यूटी थाओची होती. न तपासताच बरोबरची खूण केली, असा त्याच्यावर आरोप होता.

प्रत्येक नळाचं एक कार्ड असतं, आणि जो तपासतो तो त्यावर आपली आद्याक्षरं टाकतो. थाओच्या वकिलानं शुक्रवारी ती कार्डं मागितली. चीफनी सोमवारी दुपारी चार वाजता गठ्ठा मार्लीसच्या हातात दिला. "मी बघितलीही नाहीत," ते म्हणाले होते, "हजेरीपट पुरेसा आहे." मार्लीसलाही ती वाचायची परवानगी नव्हती, आधी आयोगानं बघायची असा नियम. तिनं फक्त कोपरे मोजले, यादीत 'एकतीस' लिहिलं, ब्रोकोलीच्या जुडीचं निळं रबरबँड गठ्ठ्याला लावलं आणि कपाटात ठेवून दिलं.

आता रबरबँड नव्हतं. कोपऱ्यांवरचे नंबर एकशे चौऱ्याऐंशीपासून सुरू होत होते आणि दोनशे तेराला थांबत होते.

दोनशे चौदा येस्केंच्या घरासमोरचा.

रेकॉर्ड रूमची एक किल्ली मार्लीसच्या गळ्यात असते, दुसरी खाली पोलिसांच्या काउंटरवर. ती हवी असेल तर रजिस्टरात वार, वेळ, नाव आणि कारण लिहायचं. जुनं रजिस्टर भरलं म्हणून नवं कोरं मार्लीसनंच सोमवारी कामावर आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता, खाली नेऊन दिलं होतं.

"कोण कोण येऊन गेलं?" तिनं काउंटरवरच्या पोलिसाला विचारलं.

"मी सकाळी सातला आलो, मार्लीस. त्यानंतरचे दोघं सांगतो. त्याआधीचं ते रजिस्टरच सांगेल." त्यानं काचेखालून रजिस्टर सरकवलं.

पहिल्या पानावर तीनच ओळी होत्या.

सोमवार, सकाळी ६.४०. कॅप्टन ड्वेन लिंडक्विस्ट, फायर. जुन्या गोदामाचे नकाशे.

मंगळवार, ९.१५. नगरसेवक कार्लटन प्रुएट. १९११ सालचे नियम.

मंगळवार, ११.०५. सार्जंट ग्वेन बोडेनहाईम, पोलीस. जुनी तक्रार.

पहिलं नाव तिनं मनातल्या मनात खोडलं. सोमवारी सकाळी कार्डं रेकॉर्ड रूममध्ये आलीच नव्हती. बरं वाटलं तिला. ड्वेन तिच्या धाकट्या भावाचा शाळेतला मित्र, चर्चमध्ये तिच्या मागच्याच रांगेत गाणारा.

राहिले दोघं. आणि ते कार्ड हरवण्यात त्या दोघांचाही फायदा होता.

२

नगरसेवक प्रुएट सिटी हॉलसमोरच्या कॅफेत चेरी पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, खात होते. आयोग बरखास्त करावा आणि पोलीस, फायर दोन्ही थेट महापौरांच्या हाताखाली आणावेत, हा ठराव ते तीन वर्षं मांडत होते आणि तीन वर्षं हरत होते.

"बस, मार्लीस. पाय घेतेस? नाही? मग नुसतीच कटकट कर."

"सकाळी रेकॉर्ड रूममध्ये काय करत होतात?"

"तुमच्या आयोगाचा जन्मदाखला शोधत होतो. मृत्यूदाखला लिहिताना लागतो." स्वतःच्याच विनोदावर ते खुशीत हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा काटा हातातच थांबला. "काय हरवलंय?"

"हरवलंय असं कोण म्हणालं?"

"तू पाय नाकारलास."

प्रुएटनी रुमालानं तोंड पुसलं. "हे बघ, गुरुवारी तुमची फाइल अपुरी निघाली तर मला गंमत वाटेल, खोटं कशाला बोलू? डेंटिस्टनं आणि बस ड्रायव्हरनं बंबवाल्यांवर लक्ष ठेवायचं, ही पद्धत झाली का? पण माणसाची नोकरी घालवून मला ठराव जिंकायचा नाही. तेवढा वाईट नाहीये मी. वाईट आहे, पण तेवढा नाही."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची कागदांची गुंडाळी उचलून टेबलावर ठेवली. जुने पिवळे नियम, आणि त्यांच्याभोवती ब्रोकोलीचं निळं रबरबँड.

मार्लीसनं रबरबँडवर बोट ठेवलं.

"हे कुठून आणलंत?"

"तुझ्याच खोलीतून. जमिनीवर पडलं होतं, कपाटासमोर. मी आत पाऊल टाकलं तेव्हाच पडलेलं होतं."

३

सार्जंट बोडेनहाईमनं दार लावून घेतलं आणि मार्लीसच्या आधी स्वतःच बोलायला सुरुवात केली.

"थाओला काढलं तर फायर खात्याच्या बढतीच्या यादीत पुढचा नंबर माझ्या नवऱ्याचा. तो लेफ्टनंट होतो. हे सगळ्या गावाला माहीत आहे, तेव्हा तू विचारायच्या आधी मीच सांगते."

"मी अजून बसलेही नाहीये, ग्वेन."

"बस मग."

मार्लीस बसली. खुर्ची मऊ होती, आणि डोळे मिटून तिथेच राहावं असं तिला क्षणभर वाटलं.

"तुला तो गठ्ठा दिसला का? कपाटातला?"

"दिसला. सुटा होता. कार्डं अशी पसरलेली. मला वाटलं, तू दमलीस बहुतेक, एरवी तू पेन्सिलीसुद्धा बांधून ठेवतेस." ग्वेननं कॉफीचा कप तिच्याकडे सरकवला. "मार्लीस, मी बावीस वर्षं चोर पकडते. चोरी करायची असती तर रजिस्टरात नाव घालून केली असती का मी? ज्याला चोरी करायची सवय नाही ना, तोच नियमाप्रमाणे सही करून चोरी करतो."

कॉफी कोमट होती, पण मार्लीसनं ती संपवली. दोघंही खरं बोलत असतील तर कार्ड मंगळवारी सव्वानऊच्या आधी गेलं होतं. आणि सोमवारी चारनंतर, मंगळवारी सव्वानऊच्या आधी, रजिस्टरात कुणाचंच नाव नव्हतं.

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होता, नाहीतर लोकांच्या नजरेत स्वतःची किल्ली असलेली एकच बाई उरत होती. ती स्वतः.

४

बुधवारी सकाळी ती थाओकडे गेली. जायला नको होतं, सचिवानं कुणाच्या घरी जाऊ नये. पण कार्ड गेल्याचं त्याला सुनावणीत सगळ्यांसमोर कळावं, हे तिला पटत नव्हतं.

नेंगनं दार उघडलं. निलंबित माणसाचं घर जसं असतं तसं ते लख्ख आवरलेलं होतं. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो, त्यासमोर अगरबत्ती. त्यानं तिला टेबलाशी बसवलं आणि काही न विचारता भात आणि गवती चहा घालून उकडलेली कोंबडी समोर ठेवली.

"मी जेवून आलेय, नेंग."

"सकाळचे दहा वाजलेत, मिसेस ओबर्ग. कुठे जेवलात?"

ती खाऊ लागली. चार घास पोटात गेल्यावर तिनं सांगितलं. दोनशे चौदा गेलं.

नेंगनं आपल्या हातांकडे बघितलं.

"नळ तपासायचा म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे? उघडायचा, पाणी सोडायचं, बंद करायचा. मग असा तळवा तोंडावर धरायचा." त्यानं हात हवेत धरला. "आतलं पाणी खाली निचरत असेल तर हाताला ओढ लागते. ओढ लागली नाही तर पाणी आत राहिलंय, थंडीत गोठणार. दोन सेकंदांचं काम. त्या रात्री नळ फिरवायला मीच गेलो होतो. पाना लावला आणि कळलं. ऑक्टोबरात इथे कुणाचा हात लागलेला नाही."

"कुणाचा?"

त्यानं हात खाली घेतला.

"नेंग, हजेरीपटावर तुझं नाव आहे."

"हजेरीपटावर आहे." त्यानं फोटोकडे बघितलं. "ऑक्टोबरात माझे वडील गेले. आमच्यात अंत्यविधी चार दिवस चालतो. मोठा मुलगा उठून जाऊ शकत नाही. आणि अदलाबदलीला चीफची सही लागते, चीफ त्या आठवड्यात बाहेरगावी. एक माणूस म्हणाला, तू जा, मी उभा राहतो तुझ्या जागी. पूर्ण चोवीस तास राहिला. कागदावर काही नाही."

"कोण?"

"माझ्या वडिलांच्या वेळेला जो माझ्या जागी उभा राहिला, त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. मला वाटलं होतं, मला बोलावंच लागणार नाही. कार्डावर त्याची अक्षरं आहेत. कार्डच बोलेल."

"कार्ड नाहीये, नेंग."

"मग उद्या माझी नोकरी जाईल," तो म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

५

फायर स्टेशन म्हणजे सिटी हॉलचंच मागचं टोक. बुधवारी दुपारी तिथे सी शिफ्ट, म्हणजे तीन पाळ्यांपैकी तिसरी, होती आणि जोलीन नावाची फायरफायटर मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, ढवळत होती. मार्लीसनं विचारलं, थाओच्या वडिलांच्या वेळेला त्याच्या जागी कोण उभं होतं.

जोलीननं मिठाचा डबा उचलला. टेबलाशी बसलेल्या दोघांनी एकदम आपापल्या बुटांत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"मीठ कमी आहे का बघता?" जोलीननं चमचा पुढे केला.

"बरोबर आहे."

"मग मी एवढंच सांगू शकते."

मार्लीसला राग आला नाही. राग यायला लागणारी ताकदही उरली नव्हती. ती टेबलाशी टेकली. समोर स्टेशनची रोजवही उघडी पडली होती, बंब कधी गेला, कधी आला, बर्फ कुणी काढलं, सगळं त्यात लिहायचं. सवयीनं तिचे डोळे ओळींवरून फिरू लागले. दुसऱ्याच्या कागदातल्या चुका काढणं हा तिचा एकमेव व्यायाम होता.

आणि चूक सापडलीच. सोमवारचं पान. दुपारी १.१०, छातीत दुखतंय म्हणून कॉल. रात्री ९.३०, बंब धुतला. त्याच्याखाली २.१५, गाडी घसरली. त्याच्याही खाली सकाळी ५.५०, दारातलं बर्फ काढलं.

"हे चुकलंय," मार्लीस म्हणाली. "पहाटेच्या नोंदी मंगळवारच्या पानावर हव्यात."

"कशाला?" जोलीनला खरंच कळलं नाही. "सोमवारची शिफ्ट आहे ना. ए शिफ्ट. सोमवारी सातला आले, मंगळवारी सातला गेले. तो सगळा सोमवारच."

"पण रात्री बारा वाजता वार बदलतो."

"तुमच्याकडे बदलत असेल." जोलीन पुन्हा ढवळू लागली. "आमच्याकडे सकाळी सातला बदलतो. रात्री बाराला बदलायला लागलो तर एका आगीचे दोन दिवस होतील. नवऱ्याच्या वाढदिवसालाही माझा असाच घोळ होतो दरवर्षी."

टेबलाशी कुणीतरी हसलं. मार्लीस हसली नाही. ए शिफ्ट कुणाची, हे तिला विचारायची गरज नव्हती.

ती उठली. गुडघे विसरून, जवळजवळ धावत, सगळा कॉरिडॉर ओलांडून पोलीस काउंटरपाशी गेली आणि रजिस्टर मागून घेतलं. पहिलं पान, पहिली ओळ. सोमवार, सकाळी ६.४०.

त्याच्यावर काहीही नव्हतं. कोऱ्या रजिस्टराची पहिली ओळ.

आणि ते कोरं रजिस्टर सोमवारी सकाळी आठ वाजता तिनं स्वतःच्या हातांनी खाली आणून दिलं होतं. सहा चाळीसला ते वर तिच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या वेष्टनात होतं.

कालपासून हे पान तिच्या डोळ्यांसमोर होतं.

६

गुरुवारी सकाळी सव्वासातला ए शिफ्ट बंबाची तपासणी करत होती. कॅप्टन ड्वेन लिंडक्विस्ट मागच्या चाकापाशी उकिडवा बसायचा प्रयत्न करत होता. त्याचाही गुडघा वाकत नव्हता.

"मार्लीस, इतक्या सकाळी? चर्चमध्ये गाण्याची प्रॅक्टिस संध्याकाळी असते."

"ड्वेन, सोमवारी सकाळी सहा चाळीसला कुठे होतास?"

"घरी. अंडी तळत होतो. निघायला उशीर झाला म्हणून बायको..." तो थांबला.

बंबाच्या पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. ड्वेननं त्याला कॉफी करायला पिटाळलं. दार बंद होईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

"आणि मंगळवारी सहा चाळीसला रेकॉर्ड रूममध्ये," मार्लीस म्हणाली. "शिफ्ट संपायच्या आधी वीस मिनिटं. वार मात्र सोमवारचा लिहिलास."

"मुद्दाम नाही लिहिला."

"माहीत आहे. मुद्दाम लिहायला गेला असतास तर इतकं चांगलं जमलं नसतं तुला."

त्याला हसू आलं आणि लगेच गेलंही. तो बंबाच्या पायरीवर बसला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण आज पंच्याहत्तरचा वाटत होता.

"सोमवारी जेवताना कुणीतरी म्हणालं, कार्डं सिटी हॉलला गेली. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठलो आणि सरळ किल्ली मागायला गेलो. पेन पुढे केलं, नाव लिहिलं. तीस वर्षांत बिननावाचं काही केलेलं नाही."

"ऑक्टोबरात काय झालं?"

"गारा पडत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले. सत्तावीस नळ तपासले, मार्लीस. प्रत्येकाला हात लावला. शेवटच्या चारांना..." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "गाडीत हीटर चालू होता. चार कार्डं मांडीवर घेतली आणि खुणा करून टाकल्या. वीस वर्षांत त्या गल्लीतला एकही नळ बिघडला नव्हता."

मार्लीसनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. अशा वेळी काय बोलायचं असतं, ते अडतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

"नेंगनं एक फोनसुद्धा केला नाही मला," ड्वेन म्हणाला. "शिव्या तरी घालायच्या. रोज वाटायचं, आज सांगेल कुणाला तरी. तोही सांगेना, मीही सांगेना. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत माझ्या."

"माझ्या अकरा आठवडे."

त्यानं खुंटीवरचं हेल्मेट काढलं, उलटं केलं. आतल्या पट्ट्यामागे नातवाचा फोटो होता, आणि फोटोमागे दुमडलेलं कार्ड.

"दोन दिवस घरी शेकोटी पेटलेली होती. दोनदा हातात घेऊन समोर बसलो. आगीत काही टाकायला हात होईना. सवय नाही. आज सकाळी परत घेऊन आलो, कशासाठी ते ठरवलं नव्हतं." त्यानं कार्ड पुढे केलं नाही, नुसतं धरून ठेवलं. "तू काय करणार आहेस?"

"मी कधी काही करत नाही, ड्वेन. मी मोजते. यादीत एकतीस लिहिलंय. पाच वाजता अध्यक्ष विचारतील, किती आहेत. तेव्हा मला खरा आकडा सांगायचाय."

वर भिंतीवरचा भोंगा वाजला. कुठेतरी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात धूर झाला होता. ड्वेन उठला, कार्ड परत हेल्मेटात खोचलं, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि बंबात चढला.

मार्लीस रिकाम्या शेडमध्ये उभी राहिली. एकतिसावं कार्ड सायरन वाजवत निघून गेलं होतं.

७

पाच वाजले. सभागृहात घडीच्या खुर्च्या आणि ओल्या कोटांचा वास. आयोगाचे पाचही जण आले होते. बस ड्रायव्हर बाई शेवटची फेरी संपवून थेट आल्या होत्या आणि टेबलाखाली सँडविच खात होत्या. अध्यक्ष क्नूट्सन, निवृत्त डेंटिस्ट, प्रत्येकाकडे तोंड उघडायला सांगणार असल्यासारखे बघत होते. चीफ एका बाजूला, नेंग थाओ आणि त्याचा वकील दुसऱ्या. मागच्या रांगेत नगरसेवक प्रुएट, मांडीवर नियमांची गुंडाळी. आणि पुढे, एकटी, रोझान येस्के. ॲल्विन येस्केंची मुलगी.

"सचिव, कार्डं किती?" क्नूट्सननी विचारलं.

मार्लीस उभी राहिली. तिच्या हातात तीस होती. तिनं दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"सोमवारी दुपारी चार वाजता एकतीस होती," ती म्हणाली. "मंगळवारी दुपारी दोन वाजता तीस. गेलेलं कार्ड दोनशे चौदा नंबरचं."

सभागृहात कुजबुज झाली. प्रुएट पुढे वाकले. नेंगनं डोळे मिटून घेतले. चीफ म्हणाले, "अध्यक्ष, कार्डाची गरजच नाही, हजेरीपट आहे." वकील उठला. क्नूट्सननी हात वर केला.

"आणि आत्ता, सचिव? आत्ता किती?"

दार उघडलं.

ड्वेन लिंडक्विस्ट आत आला. गणवेशावर धुराचा वास. तो रांगांच्या मधून लंगडत थेट मार्लीसच्या टेबलापाशी आला, हेल्मेट उलटं करून कार्ड काढलं, त्याची घडी तळव्यानं सपाट केली आणि गठ्ठ्यावर ठेवलं. मार्लीसनं कोपरे मोजले. सगळे, पहिल्यापासून. कुणी तिला घाई केली नाही.

"आत्ता एकतीस," ती म्हणाली.

क्नूट्सननी कार्ड वाचलं, शेजारी दिलं, ते हातोहात पाचही जणांकडे फिरलं. बस ड्रायव्हर बाईंनी सँडविच खाली ठेवलं. "ड. लि.," त्या म्हणाल्या. "नेंग थाओ नाही."

"नाही," ड्वेन म्हणाला. "मी."

पहिल्या रांगेतून रोझान येस्के उभी राहिली. लोकांनी बोलायची वेळ अजून आली नव्हती, कार्यक्रमपत्रिकेत तसं स्पष्ट होतं. क्नूट्सननी पत्रिकेकडे बघितलं आणि ती पालथी घातली.

"म्हणजे तो नळ कुणी तपासलाच नव्हता?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. दोन महिने हा प्रश्न उशाशी घेऊन झोपलेल्या बाईचा आवाज चढत नाही.

ड्वेन तिच्याकडे वळला. "नाही, मिस येस्के. तो मी तपासला नाही. गाडीतच बसून खूण केली."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग मान हलवली आणि खाली बसली. आरडाओरडा झाला असता तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.

नेंग थाओवरचे आरोप पाच विरुद्ध शून्य मतांनी काढून टाकले गेले. परवानगीवाचून पाळी बदलल्याबद्दल लेखी समज, तीही एका ओळीची. मतं नोंदवली जात असताना चीफनी हजेरीपटाची घडी घातली, पुन्हा घातली, ती बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत घालत राहिले.

सगळे उठल्यावर ड्वेन नेंगसमोर जाऊन उभा राहिला.

"माझ्या वडिलांच्या वेळेला तुम्ही चोवीस तास उभे राहिलात, कॅप," नेंग म्हणाला. "ते अजूनही खरं आहे." आणि थोडं थांबून, "हेही खरं आहे."

प्रुएट जाता जाता मार्लीसच्या टेबलापाशी थांबले. गुंडाळीवरचं निळं रबरबँड काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं. "तुझं आहे," म्हणाले. ठराव पुढच्या महिन्यात पुन्हा मांडणार का, ते तिनं विचारलं नाही. मांडणारच होते.

मार्लीसनं गठ्ठ्याला रबरबँड लावलं. मग खणातून एक कोरी फाइल काढली. आयोगापुढची नवी बाब. पाठीवर नाव घालायचं होतं, आणि ते नाव तिला शाळेपासून माहीत होतं. लिंडक्विस्ट, ड्वेन. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं, याचं तिला वाईट वाटलं. आत पहिल्या कागदावर तिनं रजिस्टराच्या त्या ओळीची नक्कल केली आणि खाली लिहिलं: वार सोमवारचा नोंदवला आहे, प्रत्यक्षात मंगळवार. नोंद सवयीनं केलेली, फसवण्याच्या हेतूनं नाही. हे लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. चीफनी ड्वेनला तिथूनच घरी पाठवलं होतं. सकाळी सातपर्यंतची उरलेली ड्यूटी करायला नेंग थाओ निलंबनातून थेट, घरून बूट मागवून आला होता. ड्वेन हेल्मेट काखेत धरून आपल्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता, सावकाश, एकही कोपरा न सोडता.

तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा ड्यूटीचा गुरुवार गावातल्या बाकी सगळ्यांच्या गुरुवारासारखा रात्री बारा वाजता संपणार होता.